आधी नोंद, मग रजा

छपाईला निघालेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात तिला स्वतःचंच कार्ड सापडलं. 'स्ट्रिक्टनेस' आणि 'हार्शनेस' या दोन शब्दांमधला फरक सांगणारी नोंद. पहिल्यात समोरच्याच्या भल्याची काळजी असते, दुसऱ्यात समोरचा माणूस दिसतच नाही, असं तिने लिहिलं होतं. हा तिचा अगदी पहिला मसुदा. त्याखाली संपादकांची सही, 'मंजूर'चा शिक्का आणि गेल्या महिन्याची तीन तारीख. तिने तारीख परत वाचली. तीनच होती.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या या कचेरीत संपादकांना सगळे पाठीमागे 'पुन्हासाहेब' म्हणत. दिलेलं कार्ड ते खणात टाकत आणि "पुन्हा लिही" म्हणत. या नोंदीसाठी त्यांनी तिला सहा वेळा बसवलं. मधेच दादाचा फोन आला, बाबांचं काही खरं नाही, लगेच नीघ. ती रजेचा अर्ज घेऊन गेली, तर साहेब मान वर न करता म्हणाले, "आधी नोंद, मग रजा." ती मुकाट्याने लिहीत बसली. त्याच महिन्याच्या अठराला बाबा गेले. एकोणीसला रजा मिळाली.

"तुझा साहेब निर्दय आहे," दादा म्हणाला होता.

"कडक आहेत रे फक्त. माझं काम चांगलं व्हावं म्हणूनच करतात," असं तिने त्यालाच समजावलं. दादाने त्या दिवसापासून अबोला धरला. परक्या माणसाची बाजू घेऊन सख्ख्या भावाला तोडलं, आणि तो माणूस आपल्याला चक्क फसवत होता. तिला रडू नाही आलं, संताप आला.

कार्ड घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. "ही तर तीन तारखेलाच मंजूर होती."

"हो, पहिलीच छान उतरली होती," साहेब म्हणाले. "पण लगेच सांगितलं की माणसं डोक्यावर बसतात. बरी आलीस. दुसऱ्या शब्दाला, 'हार्शनेस'ला, उदाहरण नाहीये, एक वाक्य देऊन टाक."

तिने उभ्याउभ्याच लिहिलं: 'नोंद तीन तारखेलाच मंजूर झाली होती, पण मुलीला रजा मिळाली ती वडील गेल्यावर.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम काढला. मग "वा, अगदी चपखल," म्हणत शिक्का मारला.