हेमांगीच्या हातातले पट्टे

विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्राबाहेर रांगेत उभं राहून अनुजाच्या पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. मनगटावरचा पट्टा रात्री झोपेत मनाची नोंद घेई. मन खचलेलं दिसलं, की केंद्रातून बोलावणं येई आणि सक्तीची रजा पदरी पडे. परीक्षेच्या तोंडावर ती कुणाला हवी? म्हणून वसतिगृहातल्या त्यांच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली झोपताना आपापले पट्टे हेमांगीच्या हातात चढवत. हेमांगी सदा हसरी, त्यामुळे पट्टे कायम हिरवेगार.

आज मात्र झाडून सगळ्यांना बोलावणं आलं होतं.

अनुजा कशीबशी आत पोचली. डॉक्टर मॅडम दमल्या आवाजात म्हणाल्या, "अगं, रात्र रात्र रडतेस तू. काय झालंय?"

"मी? मी तर ढाराढूर झोपते, मॅडम," अनुजा बोलून गेली, आणि तिची नजर मनगटावरच्या पट्ट्याकडे गेली.

ती धावत बाहेर आली. रांगेच्या अगदी शेवटी हेमांगी भिंतीला टेकून उभी होती. अनुजाला पाहून ती नेहमीसारखी हसली.

"झालं का गं तुझं? एवढ्या गर्दीत माझा नंबर काही आज लागत नाही."