गोणपाट

मल्हारच्या अंगात बिरोबा यायचा, म्हणून विटाळाला तो फार भ्यायचा. कुरकुंभच्या कंपनीतून पिऊन आला की बायकोला, सोनमला, पट्ट्यानं फोडून काढायचा. पण महिन्याचे ते चार दिवस ती पडवीत गोणपाटावर बाजूला बसायची, तेव्हा मात्र तिला बोट लावायची त्याची छाती नव्हती. तेवढाच तिच्या पाठीला आराम.

मग तिला कॅन्सर झाला. केमोनं जीव वाचला, पण चौतिशीतच तिची पाळी कायमची गेली.

"बरं झालं, घरातली शिवाशिव मिटली," सासू अनसाबाई म्हणाली.

मल्हार हसला. "म्हंजी आता बारा म्हयने मोकळं रान!"

त्याच संध्याकाळी त्यानं पट्टा काढला. पहिला वळ पाठीवर उठला तशी सोनमनं कोपऱ्यातला विळा उचलला आणि पट्टा धरलेल्या हातावर सपकन ओढला. चुलीपुढं रक्ताचा सडा पडला. सासू बोंबलायला लागली.

सोनमनं जुनं गोणपाट काढलं आणि पडवीत भिरकावलं.


"रगत निघालंय न्हवं तुमचं? उठा. चार दिस भाईर बसा, आन् माझ्या चुलीला शिवू नगा."