शेवटच्या दगडावरचं धुणं

गास्तों देल्मासने दोरीवरून पाय टाकला आणि तो धुण्याच्या हौदाच्या छपराखाली गेला. दोरीला पाटी लटकत होती. गावाचा वारसा, पाण्यात हात घालू नये. पाटी गेल्या वर्षीची. त्याआधी या हौदाला पाटीची गरज पडली नव्हती.

हातगाडी त्याने बाहेरच ठेवली. याच गाडीतून तो बायकोचं, सोलांजचं, ओलं धुणं किती वर्षं घरी नेत असे. पण तेव्हा तो पायरीपाशी थांबायचा. आत बायका असत, आणि त्या काय बोलतात ते ऐकायची गावातल्या कुणा पुरुषाची छाती नव्हती.

आज गाडीत एकच चादर होती. जाड तागाची, सोलांजने लग्नात आणलेली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिच्या माहेरच्या नावाची अक्षरं. तीन आठवड्यांपूर्वी सोलांज याच चादरीवर गेली.

वेझेर नदीकाठच्या या गावात मेलेल्या माणसाची चादर घरात धूत नसत. शेजारच्या दोघी ती हौदावर आणत आणि अगदी शेवटच्या दगडावर धूत. तिथून पाणी थेट नदीत पडतं, दुसऱ्या कुणाच्या धुण्यावरून जात नाही. सोलांजने स्वतः अशा किती चादरी धुतल्या होत्या. तिच्या चादरीला मात्र कुणी उरलं नव्हतं. एक शेजारीण वृद्धाश्रमात होती. दुसरीला गास्तों कोण हेही आता आठवत नव्हतं.

त्याने कचेरीत दोनदा विचारलं होतं. गावाची मेयर मिरेय वेर्दिए वाईट बाई नव्हती. आधी तिने अर्ज लिहायला सांगितलं. मग समजावून सांगितलं की दगड नव्याने बसवलेत, साबण चालणार नाही, आणि तुमच्या घरी मशीन आहे ना. तुलूझहून मुलगीही फोनवर मशीनचंच म्हणाली. गास्तोंने दोघींना हो हो म्हटलं, घरी येऊन फळीवरचं धोपटणं उतरवलं आणि शनिवारी सकाळी निघाला.

तो पहिल्याच दगडापाशी गुडघे टेकून बसला. मग चूक लक्षात आली. उठायला वेळ लागला. कठड्यावर मांडलेल्या फुलांच्या कुंड्या एकेक करून बाजूला सारत तो शेवटच्या दगडापर्यंत गेला, आणि त्याने चादर पाण्यात सोडली.

तो साबण लावत होता तेवढ्यात बस आली. बावीस माणसं उतरली. त्यांना गाव दाखवणारी मुलगी रोजच्यासारखी बोलत आली, की पूर्वी इथे बायका धुणं धूत असत. या वाक्याशी ती अडखळली. म्हातारा धोपटणं हाणत होता आणि छपराखाली आवाज घुमत होता. तिने हळूच सगळ्यांना पुढे यायला खुणावलं. फोन बाहेर निघाले. गवती टोपीवाल्या एका माणसाने गास्तोंला मान जरा उजेडाकडे करायला सांगितलं.

"तुमची सावली पडतेय," गास्तों म्हणाला. "सरका."

कुणीतरी कळवलं असावं. मिरेय बाजारातून तशीच धावत आली, काखेत लांब पाव. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती खाली वाकून बोलली.

"देल्मासबाबा, उठा. लोक बघतायत."

"बघू दे."

"मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलव की. ते यायला पाऊण तास लागतो. तोवर माझं खळबळून होतं."

ती हलली नाही. गास्तोंने चादर उलटवली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझी आई त्या तिसऱ्या दगडावर बसायची, मिरेय. अर्ज न करता."



चादर खळबळून झाली. पाणी प्यायलेला जाड ताग एकट्या माणसाला पिळता येत नाही, हे गास्तोंला तेव्हा कळलं. एक टोक हातात धरून तो उभा राहिला. दुसरं दगडावर गळत होतं. त्याने कुणाला हाक मारली नाही. मिरेयने काखेतला पाव त्या मुलीकडे दिला आणि दुसरं टोक उचललं. दोघांनी आपापल्या उजवीकडे पीळ दिला. पाणी दगडावरून घसरत नदीत पडलं. ते दिसेनासं होईपर्यंत गास्तों बघत राहिला.

मग टाळ्या सुरू झाल्या. अख्ख्या सहलीत इतकं खरं काही बघितलं नाही, असं गवती टोपीवाला म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलीने मिरेयच्या कानाशी लागून सांगितलं की इथे लोक एरवी चार मिनिटंही थांबत नाहीत, आज अर्धा तास झाला.

मिरेयने घडीसाठी कोपऱ्याला कोपरा जुळवला. ती गास्तोंजवळ आली. तिचा चेहरा उजळला होता.

"देल्मासबाबा, ऐका तर. दर शनिवारी याल का, अकराला? पाटी मी काढते. साबणसुद्धा चालेल. तुम्हाला घरून काही आणायला नको. चादर कचेरीची."

गास्तोंने तिच्या हातातले कोपरे काढून घेतले. टाळ्या अजून चालू होत्या. त्या थांबेपर्यंत तो थांबला.

"बरं," तो म्हणाला. "त्या कचेरीच्या चादरीवर कोण मेलंय?"