हिरवी साडी

थंडी पडली की जळगावातल्या मेहरूण भागातल्या घरी मंदाबाईचे यजमान, जीवरामभाऊ, मागच्या अंगणात लाखाचा कॅमेरा लावून बसायचे. मंदाबाई रोज सकाळी हिरवी साडी नेसून तिथं ज्वारीचे दाणे टाकायची, पाणी ठेवायची. बुलबुल, थिरथिरे तिच्या पायाशी नाचायचे.

"सरक गं, फोटोत येतेस!" भाऊ खेकसायचे आणि ग्रुपवर लिहायचे, 'पाखरांना माझा लळा.'

लळा म्हणे! या माणसाला घरातला मिठाचा डबा सापडत नव्हता.

यंदा डिसेंबरात ती असोद्याला भावाकडे राहायला गेली. आठव्या दिवशी फोन आला.

"मंदे, ये ना आता. अंगण सुनं सुनं वाटतं गं."

चाळीस वर्षांत असं कधी ऐकलं नव्हतं. उगाच नावं ठेवली बिचाऱ्याला, म्हणत फोन कानाशी धरूनच ती पिशवी भरू लागली.

"आणि ती हिरवी साडी नेसून ये. मी दाणे टाकतो, पण एक पाखरू फिरकत नाही. त्यांना ती साडीच ओळखीची दिसते."

सकाळी तिचा भाऊ मोटरसायकलवर जळगावला निघाला, तेव्हा मंदाबाईनं त्या साडीची नीट घडी करून त्याच्या हातात दिली.

"त्यांना म्हणावं, नेसा आणि बसा."