खालचा कप्पा

लॉनी प्रुइटने यंत्राचं दार उघडलं आणि आधी डोकंच आत घातलं.

"बाई, मी रंग नंतर बघतो," तो आतूनच म्हणाला. "माणसांनी काय काय उद्योग केलेत ते आत दिसतं."

मिस ओपलिन टॅकेट छपराखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या भागात लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. त्यांचा पेट्रोल पंप केव्हाच बंद पडला होता. हे सोड्याचं यंत्र तेवढं भिंतीला टेकून उरलं होतं. माणसाहून उंच, गंजलेलं, एका अंगाला काचेची अरुंद पट्टी. पट्टीमागे एकाखाली एक कप्पे, प्रत्येकात आडवी बाटली. नाणं टाकलं की खटका सुटायचा आणि बाटली ओढून घेता यायची. अशी जुनी यंत्रं शोधून विकत घ्यायची आणि नव्यासारखी करायची, हा लॉनीचा नाद. टेनेसीतल्या डोंगरातली एकही वाट त्याने सोडली नव्हती.

तो बोटाने एकेक खटका दाबून बघत होता. टक्. टक्. शेवटचा, सगळ्यात खालचा, बोललाच नाही. लॉनी जमिनीवर पालथा पडला आणि त्याने बॅटरी पेटवली.

"मोडलाय का?" ओपलिनबाईंनी विचारलं.

"मोडलेला नाही. घासलाय. कानशीने, अगदी बेताने. नाणं न टाकता बाटली जरा वर उचलून ओढली की आली हातात."

"मेले चोर!"

"चोराला आत हात घालायला किल्ली लागली असती. किल्ली कुणाकडे असायची?"

"हॉइटकडे. झोपतानासुद्धा गळ्यात असायची."

"मग तुमच्या नवऱ्यानेच घासलाय."

"हॉइटने?" बाई हसल्याच. "अरे, वाकडे खिळे सरळ करून वापरणारा माणूस तो! माझी सख्खी बहीण भर उन्हात आली, तर तिच्याकडूनही त्याने नाणं घेतलं."

पण त्या खुर्चीतून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकल्या आणि लॉनीच्या बॅटरीच्या उजेडात बघू लागल्या. खटक्याची कड खरंच गुळगुळीत होती.

"आणि खालचाच का?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एवढं वाकून बाटली घेतंय कोण?"

"उभा माणूस नाही घेणार," लॉनी म्हणाला. "खाली बसलेला असेल तर त्याला मात्र हाच कप्पा हाताशी."

बाई सावकाश सरळ झाल्या. रस्त्यापलीकडे पर्विस यॉन्ट्झ आपल्या दारात चाकाच्या खुर्चीत बसून सकाळपासून हा सौदा बघत होता. युद्धावरून परत आला तेव्हा त्याला दोन्ही पाय नव्हते. ही खुर्ची फार नंतरची. तेव्हा तो चाकं लावलेल्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत पंपावर यायचा.

"पर्विस! इकडे ये जरा!"

तो आला. लॉनीने त्याला खटका दाखवला. पर्विसने बघितल्या न बघितल्यासारखं केलं.

"माहितेय मला," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाटलं, झिजला असेल. मग एकदा हॉइटने सगळे खटके नवे बसवले आणि हा एकच ठेवला. तेव्हा उमगलं, की कुणीतरी मुद्दाम करतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? कुणी हातात बाटली आणून दिली असती ना मिस ओपलिन, तर त्याच्याच डोक्यात फोडली असती. तेव्हा असाच होतो मी." त्याने टोपी मागे सारली. "मला वाटलं, तुम्हीच त्याच्याकडून करवून घेतलंत. हॉइटला आपणहून कसं सुचेल? म्हणून तर तो गेल्यापासून दर उन्हाळ्यात तुमच्या पायरीवर टोमॅटोची टोपली ठेवत आलो."

"ती टोपली तुझी?" बाई बघतच राहिल्या. "आणि मी बापडी समजत होते, हॉइट गेल्यावर कुणाचा तरी माझ्यावर डोळा आहे!"

"तोही ठेवला असता. पण तुम्ही दार कुठे उघडलंत?"

लॉनी खो खो हसला. बाई नाही हसल्या. त्या यंत्राकडे असं बघत होत्या, जसं आगगाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं.

"एवढी वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या, "आणि मला एका शब्दाने बोलला नाही."

"त्याने सांगितलं असतं तर तुम्ही ते माझ्यापाशी बोलून दाखवलं असतंत," पर्विस म्हणाला. "चांगल्या मनानेच. पण बोलून दाखवलं असतंत."

बाईंनी ते नाकारलं नाही.

लॉनीने पेटीतून एक चकचकीत खटका काढला. हातात घेऊन तो घुटमळला. "माझ्याकडे कारखान्यातला, त्याच काळातला खटका आहे. यंत्र जसंच्या तसं करायचं तर हाच बसवायला हवा. पण तुम्ही म्हणाल तर हॉइटचा राहू देतो."

"नवा बसव."

"नक्की?"

"तू ते कुठे ठेवशील, कुणाला विकशील, मला काय ठाऊक? ज्याला घासलेला हवा, त्याने आपल्या हाताने घासावा."

लॉनीने स्क्रू सोडवले आणि जुना खटका बाईंच्या तळहातावर ठेवला. नवा बसवल्यावर कप्पा पक्का झाला. मग त्याने यंत्राला पट्टे आवळले, हातगाडीवर कलतं करून ट्रकवर चढवलं आणि हात हलवून तो निघून गेला.

भिंतीवर यंत्राच्या आकाराचा उन्हाने न विटलेला चौकोन राहिला. दोघं त्याच्याकडे बघत होती.

"पर्विस," बाई म्हणाल्या, "थंड असायची का रे? ती खालची?"

"सगळ्यात थंड तीच, मिस ओपलिन."