उपाशी सासू
रोशनी वर्षभर किडनीच्या सुजेनं आजारी होती. मिठागरात राबणारी तिची सासू, धोंडुबाई, आज तिला पेणहून रोह्याच्या दवाखान्यात घेऊन आली होती. लघवीचा रिपोर्ट आला होता. “किडनीत व्रण पडले की लघवीत ठरावीक प्रथिनं वाढतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुझी वाढलेली नाहीत. सूज गोळ्यांनी उतरेल.” रोशनीच्या जिवात जीव आला. धोंडुबाई मात्र गोंधळली. “म्हंजी माजी काढायची नाय?” “काय काढायची, आई?” रोशनीनं विचारलं. “किडनी गो. तुला द्यायची म्हणून कालपासून उपाशी हाय मी. ऑपरेशनला पोट रिकामं लागतं ना?” सहा वर्षांच्या संसारात ही सासू तिच्याशी कामापुरतंच बोलली होती. बाहेरच्या बाकावर रोशनीनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून सासूच्या तोंडाशी धरला. धोंडुबाईनं तो तिच्याकडेच वळवला. “आधी तू खा. आजारी तू हायस.”