आर्डिसच्या नावाचं झाकण

ब्रिटने दोन्ही झाकणं उचलली, अदलाबदल केली आणि ठेवून दिली. जिन्यावर पावलं वाजत होती. आत डोकावायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. कशात काय आहे ते तिला पाठ होतं.

चर्चच्या तळघरात लांब टेबलावर विजेवरची सात पातेली वाफाळत होती. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर बुधवारी प्रार्थनेपूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून सूप घ्यायचं, ही गावची रीत. ज्याचं त्याचं नाव झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं. आर्डिसचं आणि ब्रिटचं पातेलं तर जुळं, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेलं.

आर्डिस म्हणजे ब्रिटची सासू. तिच्या हातच्या शेवयांच्या सूपावर अख्खं गाव जीव टाकायचं. पण गेल्या हिवाळ्यात तिची साखर भलतीच वाढली आणि डॉक्टरने बजावलं, मैदा सोडा, नाहीतर डोळे जातील. सत्तर वर्षं शेवया खाल्ल्या आणि अजून सुईत दोरा ओवते, असं त्यालाच सुनावून आर्डिस घरी आली. विषय संपला.

ब्रिटच्या घरात मैद्याला दारच बंद होतं. तिचा नवरा नेल्स रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. चांगला सहा फुटी गडी, पण गव्हाचा कण पोटात गेला की तीन दिवस आडवा. त्यामुळे आईच्या हातचं सूप त्याला चार वर्षांपूर्वीच सुटलं. संध्याकाळी कामावरून आली की ब्रिट अर्ध्या तासात आपलं सूप उभं करायची. कोंबडी, लोण्यावर परतलेला लांब लांब चिरलेला कोबी, दाटपणाला उकडून घोटलेला फ्लॉवर आणि वरून साय. नेल्स वाडगा चाटूनपुसून लख्ख करायचा. आर्डिस मात्र जेवायला आली की दोन चमचे घ्यायची आणि गोड हसून म्हणायची, "वेगळं आहे हो."

अमेरिकेतल्या या गोडबोल्या मिनेसोटात याहून वाईट शिवी नाही.

चर्चमध्येही तीच गत. ब्रिटच्या नावाचं झाकण दिसलं की लोक पुढच्या पातेल्याकडे सरकायचे. पातेलं जसं यायचं तसं घरी जायचं. आर्डिसचं आधी तळ गाठायचं. त्या पातेल्याच्या डावाला ब्रिट कधी हातसुद्धा लावत नसे. न जाणो, बाहीला पीठ लागून घरी जायचं.

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या आठवड्यात आर्डिस दुकानात भेटली तेव्हा स्वेटर तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. साखरेने हिला आतून पोखरलं, असं ब्रिटला वाटलं. त्यात सामानाच्या गाडीत कोबीचे दोन मोठे गड्डे. आंबवायला घेतलेत, म्हणाली. कोबी आंबवतात तो हिवाळ्याआधी, मार्च महिन्यात कोण आंबवतं? म्हातारी विसरायलाही लागली की काय, या विचाराने ब्रिटला रात्रभर झोप नाही.

सरळ सांगून ऐकणारी बाई ती नव्हे. म्हणून हा बेत. सायीत बुडालेला कोबी शेवयांसारखाच दिसतो. आर्डिसच्या झाकणाखालचं म्हणून सगळे खातील, वाखाणतील, आर्डिस स्वतः खाईल. मग परत जाताना गाडीत तिला सांगायचं, बघा, तुम्ही शेवयांशिवाय जेवलात आणि मेला नाहीत.

बेत फत्ते झाला. लोक त्या पातेल्यावर तुटून पडले. आर्डिसने एक वाडगा संपवून दुसरा घेतला. शेजारची बर्नाडीन म्हणाली, यंदा तुझ्या सूपाला काही निराळीच गोडी आहे. आर्डिसने मान वर न करता सांगितलं, नेहमीचंच आहे. ब्रिटला हसू आवरेना. तिने ते रुमालात दाबलं.

तेवढ्यात तिला कोपऱ्यातल्या टेबलावर नारिंगी जाकीट दिसलं.

नेल्स! वादळ येणार म्हणून आज त्याला रात्रपाळी होती. पण वादळ उत्तरेला वळलं आणि हा घरी न जाता इकडे आला. आपल्या बायकोचं नाव बघून त्या झाकणाखालचं सूप बिनधास्त वाढून घेतलं आणि आता वाडगा पुसत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ती धावतच गेली आणि तिने वाडगा हिसकावला. "किती खाल्लंस?"

"हा दुसरा," नेल्स म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "ब्रिट, आज तुझ्या सूपाला आईच्या हाताची चव आहे गं."

ब्रिट तशीच सासूकडे वळली. लाजेकाजेला वेळ नव्हता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. झाकणं मीच बदलली, याने तुमच्या शेवया खाल्ल्या, दोन वाडगे, गाडी काढा, दवाखान्यात चला.

आर्डिसने चमचा खाली ठेवला. आजूबाजूला नजर टाकली, सुनेचं मनगट धरलं आणि तिला टेबलाकडे नेलं. ब्रिटच्या नावाचं झाकण बाजूला करून तिने डाव तळापर्यंत फिरवला आणि वर काढला. डावात कोबी होता. लांब लांब चिरलेला, सायीत बुडालेला.

"हळू बोल," आर्डिस तिच्या कानाशी म्हणाली. "कोबीचा आजचा चौथा बुधवार. या लोकांना कळलं ना, तर म्हणतील, वेगळं आहे हो."